बापाच्या दगडाचा रस्ता

हे लिहिणारच नव्हतो. असल्या नियमावर दोन ओळी टाईप करणं म्हणजेसुद्धा त्याला भाव देणं.

नवं धान निघालं की देवसू मडावी बापाला पुरलं तिथल्या दगडापाशी मूठभर तांदूळ ठेवायला राष्ट्रीय उद्यानात जातो. त्याचं गाव तिथंच होतं, वाघांसाठी उठवलं. आता तो तिथला ‘पर्यटक’.

काल मी गेटबाहेर त्याची वाट बघत होतो. बाहेर पडताना त्याला आठवण पुसायची टोपी घातली. जंगलातून काहीच बाहेर न्यायचं नाही, या नियमात आता रस्त्यांची आठवणही येते. आत गेलेल्या प्रत्येकाच्या डोक्यातून रस्ते पुसतात. शिकाऱ्यांना कळू नयेत म्हणे. वाघ दिसल्याची आठवण मात्र ठेवू देतात, तेवढीच जाहिरात.

"साहेब, माया बापाची जागा तेवढी राहू द्या."

"मंजूर आठवणींच्या यादीत तुझा बाप नाही," गेटवरच्या साहेबानं चहात बिस्कीट बुडवत बटण दाबलं. बिस्कीट तुटून चहात पडलं, त्याचं मात्र साहेबाला फार वाईट वाटलं.

देवसू रिकामी पिशवी बघत माझ्याकडे आला. "मी तांदूळ कुठी ठेवले बे?"

"जोडमोहाच्या झाडांमागं, नाल्याच्या डाव्या हाताले."

बापाला पुरलं तेव्हा मी सोबत होतो. टोप्या नंतर आल्या. दरवर्षी रस्ता मीच सांगतो.

"पुढच्या वर्षी तू बी चल ना. वाघ दिसन."

"नाही देवसू. त्या गेटच्या आत मी कधीच पाय ठेवणार नाही. तुले शब्द देतो."