राहिलेलं आमेन

पुलाच्या मध्यावर धुक्यातून एक हात आला आणि त्याने ओतीलियाबाईंचा दंड धरला.

"थांबा, बाई. घाबरू नका. तुम्हीच पहिल्या."

हात एका तरुण बाईचा होता. अंगावर शाल, शालीआड पाच महिन्यांचं पोट, पायाशी दोरी बांधलेला मातीचा घडा. खालून लीमा नदी वाहत होती, पण ती नुसती ऐकू येत होती. पोन्त द बार्का गावातला चर्चचा मनोरा तेवढा वर तरंगत होता. बाकीचं गाव अजून उजाडायचं होतं. आपण लॉजच्या खोलीत झोपेतच आहोत, असं ओतीलियाबाईंना वाटलं. काल संध्याकाळच्या बसने त्या एकट्याच आल्या होत्या. हे गाव पाहायचं राहून गेलं होतं, आणि आता काही राहू द्यायला सवड नव्हती. नाताळच्या पुढचे बेत करू नका, असं लिस्बनच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"पहिली? कसली पहिली?"

"मध्यरात्र उलटल्यावर पुलावर आलेलं पहिलं माणूस. आम्ही तेव्हापासून उभे आहोत." ती भरभर बोलत होती. "मी इदालीना. माझी तीन गेली, बाई. हे चौथं. ज्यांचं पोट टिकत नाही त्यांनी इथे यायचं, आणि पहिलं जे येईल त्याने नदीचं पाणी पोटावर घालायचं. पोटातल्या पोटात बाप्तिस्मा. मग ते राहतं."

तेवढ्यात धुक्यातून एक काठी आली, आणि काठीमागोमाग इदालीनाची सासू पेर्पेतुआ. माणसाआधी कुत्रं-मांजर पुलावर येऊ नये म्हणून तिने रात्रभर एक टोक राखलं होतं. दुसरं टोक मुलाकडे होतं.

"आमादेऊ! अरे, एवढी धडधडीत बाई गेली तुझ्यासमोरून!"

"डोळा लागला गं जरा," धुक्यातून उत्तर आलं.

"लागणारच! सहाला नोटरीसाहेब येणार होते, तेवढा वेळ तुला धीर नाही!"

जो येईल तो, असा रिवाज. पण येणाऱ्याला वेळ सांगून ठेवू नये असं रिवाजात कुठे आहे, हा पेर्पेतुआचा मुद्दा. पाणी घालणाराच पुढे बाळाचा धर्मपिता होतो, आणि धर्मपिता कसा, गावात वजन असलेला हवा. त्यासाठी नोटरीसाहेबांच्या घरी घरचे दोन सॉसेज आणि वाइनची बाटली आधीच पोचली होती.

"बाई, तुम्ही आल्या पावली परत जा," ती ओतीलियाबाईंना म्हणाली. "तुम्ही आला नाहीत, आम्ही पाहिलं नाही."

इदालीनाने दंड सोडला नाही.

"मुली, त्या बरोबर बोलतायत," ओतीलियाबाई म्हणाल्या. जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते त्या धुक्यात सहज तोंडातून निघालं. "माझा हात नको. मी आजारी आहे. नाताळपर्यंतची."

पेर्पेतुआने घाईघाईने छातीवर क्रूस काढला. "ऐकलंस? अगं, मरणाच्या दारातला हात तू लेकराला लावणार?"

"तिन्ही वेळेला धडधाकट माणसंच होती ना, आई? धडधाकट डॉक्टर, धडधाकट पाद्री. काय केलं त्यांनी?" इदालीनाचा आवाज फाटला. "जो येईल तो, असं आहे. ह्या आल्या."

ओतीलियाबाईंना भीती वाटत होती, आणि भीतीच्या तळाशी, लाज वाटावी इतका आनंदही होत होता. गेल्या सहा महिन्यांत जो तो त्यांना काहीतरी द्यायलाच येत होता. सूप, औषधं, उशी. मागायला कुणी आलं नव्हतं.

त्यांनी घडा कठड्यावरून खाली सोडला. दोरी धुक्यात सरकत राहिली, आणि बऱ्याच वेळाने पाणी लागलं. वर ओढताना दोरी त्यांच्या हातातून निसटू लागली. आमादेऊ धावत आला तर पेर्पेतुआने त्याच्या हातावर काठी मारली.

"खबरदार. ज्याचं त्यानेच ओढायचं असतं."

इदालीनाने शाल बाजूला केली. पेर्पेतुआ फणकाऱ्यानेच एकेक शब्द सांगत गेली, आणि ओतीलियाबाई पाणी घालत तिच्यामागून म्हणत गेल्या. देवाच्या लेकरा, मी तुला बाप्तिस्मा देते. मुलगा असलास तर जेर्वाझियु, मुलगी असलीस तर सेन्योरिन्या. इदालीना थंडीने काकडत होती, पण हलली नाही. मग साऱ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. शेवट आला, ओतीलियाबाईंनी तोंड उघडलं, आणि इदालीनाचा ओला तळवा त्यांच्या ओठांवर बसला.

"ते नाही म्हणायचं. आमेन म्हटलं की संपलं. ते बाळ झाल्यावर, चर्चमध्ये."

"तेव्हा कोण म्हणणार?"

"तुम्ही. धर्ममाता तुम्ही. दुसऱ्या कुणाचं चालत नाही."

"कधी?"

"फेब्रुवारीत."

पुलाच्या टोकाला कुणीतरी खाकरलं. नोटरीसाहेब अगदी वेळेवर आले होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

ओतीलियाबाईंना नीट, शहाण्यासारखं काहीतरी सांगायचं होतं. डॉक्टरांचं नाव, तारखा, कागद. त्यांनी कठड्याला हात टेकला. नदी अजून दिसत नव्हती.

"फेब्रुवारीत इकडे थंडी कितपत असते?" त्यांनी विचारलं.

पेर्पेतुआने काठी काखेत मारली, ओतीलियाबाईंची भिजलेली बाही हातात घेतली आणि घट्ट पिळली.

"हाडं गोठतात. अंगभर लोकरीचं घालून या."