वॉरंटीचा कागद

लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या रुक्माचा दिवस सरावा म्हणून तिच्या नवऱ्यानं, झिलूनं रामनगरात टीव्ही घेतला. "पाच वर्षं काय बी होऊ दे, कंपनी बघती," असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, म्हणून वाढीव वॉरंटीही घेतली. दुसऱ्याच पावसाळ्यात एका दुपारी लाईट गेली, भपकन परत आली, आणि टीव्ही काळा पडला.

तीन आठवड्यांनी बेळगावहून कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं मागचं झाकण उघडलं, जळका वास घेतला आणि वॉरंटीच्या कागदावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "काका, व्होल्टेज कमी-जास्त होऊन जळालं तर वॉरंटी लागू नाही."

"आमच्यात लाईट रोजच तशी येती की! मग ह्यो कागद कशाला दिला?"

मेकॅनिक हसला. "कमाल आहे! वीज तयार करणारं एवढं मोठं सुपा धरण तुमच्याच तालुक्यात, आणि तुमच्याच घरात धड लाईट नाही?"

रुक्मा अजून काळ्या टीव्हीकडंच बघत होती. झिलूनं कागदाची घडी घातली.

"आमचं जुनं घर त्याच धरणाच्या पाण्याखाली हाय, बाबा. तवा सरकारनं बी असाच एक कागद दिला हुता."