लेकीच्या हाती मत

"बाबा, सही करा. साहेबांना अजून तीन खोल्यांत जायचंय," सोआझिग म्हणाली.

गुल्वेनने पेन नुसतंच धरून ठेवलं होतं. पलंगाशी उभा असलेला पोलीस खिडकीबाहेर बघत होता. ज्यांना मतदान केंद्रावर जाता येत नाही त्यांचे कागद करून घ्यायला तो इस्पितळात आला होता. गुल्वेनने सही केली की रविवारी, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत, त्याच्या गावात, त्याच्या जागी, त्याची मुलगी मत टाकणार होती.

उरलेल्या दोन उमेदवारांपैकी मुलगी होती मार्शादिये बाईंच्या बाजूची.

गुल्वेन त्यांच्या विरोधातल्या बेर्तनेचा. खुब्याचं हाड नेमकं निवडणुकीच्या महिन्यात मोडावं, याचा त्याला मनस्वी संताप आला होता. मत सोपवायला शेजारचा तांगी होता, पण त्याच्याकडे आधीच त्याच्या बहिणीचं मत होतं, आणि एका माणसाला दुसऱ्याचं एकच मत टाकता येतं. बाकीचे मित्र स्मशानात तरी होते, नाहीतर मार्शादिये बाईंच्या सभेत. राहता राहिली ही सोआझिग. मागच्या निवडणुकीत जेवणाच्या टेबलावरच बापलेकीची जुंपली, ती ताट तसंच टाकून ल्योंला निघून गेली, आणि पुढची पाच वर्षं फक्त वाढदिवसाची कार्डं आली. हाड मोडल्याचं कळल्यावर मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाहून धावत आली होती.

त्याने सही केली. पोलीस गेला.

"आता सांगा," ती खुर्ची ओढून बसली. "बेर्तनेच का? त्याचा जाहीरनामा तरी वाचलाय का तुम्ही?"

"जाहीरनामे सगळे सारखेच. मी माणूस बघतो."

"आणि काय दिसलं?"

"टीव्हीवरच्या वादात तुझ्या बाईने त्याला कोंडीत पकडलं, तेव्हा तो म्हणाला, मला माहीत नाही. मी तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेत. माहीत नाही म्हणणारा माणूस यंत्राला जपून हात लावतो. ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते. माझा नाही विश्वास."

"म्हणजे देश चालवायला ज्याला काही माहीत नाही तो हवा."

"तू मला वळवायला आली आहेस की बघायला?"

तिने विषय सोडून त्याची उशी सारखी केली. तिला गप्प बसवल्याचं समाधान त्याला फार वेळ पुरलं नाही.

संध्याकाळी तांगी द्राक्षं घेऊन आला आणि निम्मी स्वतःच खात बसला. तो दर निवडणुकीला गावात मतमोजणीला बसायचा. पहिल्या फेरीतली गंमत सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. कुणी तरी बेर्तनेच्या नावापुढे बदाम काढला होता. "इतकं प्रेम, आणि मत बाद," तो म्हणाला. गुल्वेनही खो खो हसला. गावात असली खुळी माणसं आहेत म्हणून तर ही वेळ आली, असंही म्हणाला.

"आपलं गाव त्या बाईच्या मागे जाऊ नये, एवढंच बघ," त्याने तांगीला बजावलं. "देशाचं काय व्हायचं ते होवो."

तांगी गेल्यावर त्याला झोप येईना. उमेदवारांच्या नावांच्या छापील पत्रिका टपालाने घरी आल्या होत्या, त्या सोआझिगने उशाशी आणून ठेवल्या होत्या. दोन नावं, दोन कागद. पडद्याआड जाऊन त्यातला एक पाकिटात घालायचा, की झालं. पडद्याआड तिने कुठला घातला हे कुणाला कळणार? बेर्तने केराच्या टोपलीत गेला तर? उरलेला कागद परत आण म्हणावं, तर दोन्ही नावांचे गठ्ठे मतदान केंद्रात टेबलावर पडलेलेच असतात. या विचाराने त्याचं डोकं फिरायची वेळ आली. पोटच्या मुलीवर पहारा ठेवायचा म्हणजे काय, पण ठेवायचा तरी कसा?

भिंतीवर व्यायामाचा तक्ता टाचणीने लावलेला होता. हात पोचत होता.

तांगी टपाल तिकिटं जमवायचा. कागदाला केसाएवढं भोक असलं तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. गुल्वेनने बेर्तनेची पत्रिका घेतली, नावाच्या शेवटच्या अक्षराखाली टाचणी टोचली आणि कागद दिव्यासमोर धरून पाहिला.

रविवारी सकाळी त्याने ती सोआझिगच्या हातात दिली. "हीच टाक. टेबलावरची नको."

"टेबलावरची का नको?"

"मी सांगतो म्हणून."

ती हसली आणि पत्रिका पर्समध्ये ठेवून गेली. दुपारी परतली ती बटरचा केक घेऊन.

"टाकलं?"

"टाकलं. तुमच्या बेर्तनेला. जिवावर आलं, पण टाकलं."

"आणि तुझं?"

"माझं नाव ल्योंच्या यादीत आहे. आले तेव्हा घाईत होते, दुसऱ्या कुणाला लिहून द्यायचं राहिलं." तिने केक कापायला घेतला. "असू दे. घरातलं एक तरी मत पडलं."

 स्वतःच्या बाईचं मत बुडवून तिने गुल्वेनचं टाकलं होतं. खरंच टाकलं असेल तर.  त्याला स्वतःची लाज वाटली, तरी खात्री करून घ्यायची खुमखुमी काही जाईना.

पावणेआठला फोन वाजला. तांगी मोजणीहून बोलत होता.

"चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव," तो वैतागून म्हणाला. "गावात बरोबरी. एका मताने अडलो बघ."

"मोजताना," गुल्वेनने आवाज खाली आणला, "बेर्तनेच्या एखाद्या पत्रिकेला टाचणीचं भोक दिसलं का रे?"

"दिसलं की. मलाच दिसलं."

गुल्वेनने डोळे मिटले. फोन कानाशी तसाच धरून त्याने दुसऱ्या हाताने सोआझिगचा हात घट्ट पकडला. तिने चकित होऊन बापाकडे पाहिलं, मग तिचेही डोळे भरून आले.

"बदामासारखंच तेही," तांगी पलीकडून सांगत होता. "पत्रिकेवर खूण म्हणजे मत बाद."