दहावा खांब

मामाचं बांबूचं घर सरकारी तपासणीत नापास झालं. पण हे मामीला कळता कामा नये, त्यामुळे झालंच नाही असं धरून चालू. "पासचा कागद दाखव, मगच मी त्या टोपलीत राहायला येईन," असं तिने मामाला बजावलं होतं.

मामाने बांबूच्या बेटाला खेटूनच घर बांधलं होतं. वाहतूक नको, धूर नको, पर्यावरण खूश. तपासनीस साहेबांनी खांब मोजले.

"नकाशात नऊ आहेत. इथे दहा कसे?"

"सकाळी नऊच होते, साहेब."

स्वयंपाकघरात मातीची जमीन फोडून आलेला बांबूचा कोंब खांद्याला लागत होता. साहेबांनी शेरा मारला, 'बांधकाम अद्याप सुरू आहे.' सही होईपर्यंत ते बांधकाम आणखी बोटभर वाढलं.

तेवढ्यात मामीच दारात. मामाने कोंबापुढे उभं राहून पाहिलं, पण कोंब त्याच्या खांद्यावरून डोकावला.

"वीस वर्षं स्वयंपाकघरात एक खुंटी मागतेय," मामी म्हणाली, "शेवटी घरालाच दया आली!" तिने पिशवी कोंबाला अडकवली, पदर खोचला आणि चहा टाकला. साहेबांनाही.

चहा पिता पिता मामाने अर्ज लिहिला: 'सदर खांबाने आमच्या संमतीविना काम सुरू केले आहे. तरी आपल्या कार्यालयाने त्यास काम थांबवण्याची नोटीस बजावून, निदान सौ.चा हात पिशवीला पोहोचेल इतक्या उंचीवर रोखावे, ही नम्र विनंती.'