ठमाबायची बैठक

राणीच्या राज्यातली गोष्ट. कोलशेतच्या मिठागरात जन्मभर राबलेल्या ठमाबायची छाती धडधडायला लागली, तेव्हा ठाण्याचे वैद्यबुवा म्हणाले, "रोज घटकाभर डोळे मिटून बस. फक्त श्वासाकडे लक्ष दे."

तेव्हापासून ती रोज दुपारी मिठागराच्या बांधावर जाऊन बसायची. कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. धडधड थांबली, पण गाव हसायला लागलं.

"आये, लाज काढलीस आमची! उद्यापासून घरातच बसायचं," लेक भिवा खेकसला.

"घरात बसू देता कुठं रं? जो तो माझ्याच नावानं कोकलतो!" असं म्हणून दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा बांधावर.

त्या दिवशी शेजारच्या सगुणानं लांबून हाका मारमारून पाहिल्या. म्हातारी ढिम्म, मानही छातीवर कललेली. सगुणा बोंबलतच गावात पळाली. बाहेर मेलेलं माणूस घरात नेत नाहीत, म्हणून भिवा चार माणसं आणि तिरडीचं सामान घेऊन रडत रडत बांधावरच आला. बांबू दाणकन खाली पडले, तसे ठमाबायनं डोळे उघडले.

"मेले नाय रं. बसलेय."

भिवानं आधी डोळे पुसले, मग कपाळावर हात मारला. "आये, आता या बांबूंचं काय करू? तिरडीचे बांबू परत घरी नेत नाय."

ठमाबायनं पुन्हा डोळे मिटून घेतले.

"मग इथंच रोव, नि वर झावल्या टाक. उद्यापासून सावलीत बसंन."