मधलीच्या कांजिण्या

"हे काय आता?" आई दारातच थांबली.

एका पायात चप्पल चढवून झाली होती. बाहेर शेजारीण डबा घेऊन उभी होती. दोघी एकाच लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायच्या. सहा पोरं शाळेची दप्तरं घेऊन जिन्यात एकमेकांना ढकलत होती. आणि उरलेली एक, म्हणजे मधली, खाली मान घालून आतल्या खोलीतून बाहेर आली होती. तिच्या गालांवर, कपाळावर, हातांवर लाल लाल पुळ्या होत्या.

"अगंबाई, हिलाही आल्या?" शेजारीण म्हणाली. "आत्ता गं? तुझी रजा तर कालच संपली."

नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात दोन खोल्या आणि सात पोरं. अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हटलं असतं, तर निम्म्या पोरांना रात्रभर उभंच राहावं लागलं असतं. पण आई खमकी होती. अंघोळीचा साबण ती दोऱ्याने कापून तीन तुकडे करायची. टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीने उभी चिरायची, आणि मग त्यात सात ब्रश आणखी दोन दिवस फिरायचे. थोरलीचा फ्रॉक मधलीपर्यंत उतरायचा, पुढे त्याची उशीची खोळ व्हायची आणि शेवटी फडकं. काहीही वाया गेलं की आईच्या जिवाची तगमग व्हायची, मग ती काडेपेटीतली काडी असो की कामावरची रजा.

म्हणूनच तिसऱ्याने शाळेतून कांजिण्या आणल्या, तेव्हा ती डोक्याला हात लावून बसली नाही. एकेकाला आल्या तर सात वेळा रजा, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. "सगळे त्याच्याच अंथरुणात झोपा," तिने फर्मान सोडलं. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे." तिसरा बरा होऊन शाळेत पळाला आणि पंधराएक दिवसांनी पाच जणांना एकदम आल्या. आईने दहा दिवसांची रजा टाकली. तिचा बेत इतका फत्ते झाला की चाळीतल्या चाळीसही घरांत त्याची चर्चा झाली.

मधलीला मात्र आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "हिला लहानपणीच येऊन गेल्या असतील, थोड्याशा. एवढ्या पोरांत तुमच्या लक्षात आलं नसेल." आई हसून म्हणाली, "चला, तेवढं लोशन वाचलं."

ते दहा दिवस पोरांची चैन होती. आई अशी दिवसभर घरात कुणी पाहिलीच नव्हती. खाज सुटली की ती फुंकर घालायची, एकेकाला मांडीवर घेऊन थोपटायची, राक्षसाच्या गोष्टी सांगायची. रडू येत नसलं तरी पोरं रडायची. मधली पाणी आणायची, ताटं उचलायची, लोशनची बाटली उलटी करून शेवटचा थेंब कापसावर काढून द्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई कौतुकाने सांगायची, "ही माझा उजवा हात आहे हो." आता उजव्या हाताला मांडीवर कोण घेणार? मधली दाराशी उभी राहून बघत राहायची आणि हाक आली की पाणी घेऊन जायची.

आईने चप्पल काढली आणि ती मधलीसमोर उकिडवी बसली. उजव्या गालावर सहा पुळ्या होत्या, डाव्या गालावरही सहाच. हातांवरच्या तर ओळीने, सारख्या अंतरावर. सात पोरांच्या घरात वाटणी सारखी करायची सवयच लागते. आईचे हात नुकतीच भांडी घासून ओले होते. तिने एका पुळीवर अंगठा ठेवून हलकेच फिरवला. पुळी पुसली गेली आणि अंगठा लाल झाला.

मधलीने डोळे घट्ट मिटून घेतले. स्केचपेन थोरल्याचा होता, नवा होता, आणि या घरात शाई उधळणाऱ्याची काय गत होते हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"खाज येते का गं?" आईने विचारलं.

मधलीने आधी नाही म्हणून मान हलवली, मग घाईघाईने हो म्हणून.

या पोरीला शेवटचं मांडीवर कधी घेतलं होतं, ते आईला काही केल्या आठवेना. तिने अंगठा मुठीत मिटला, उठली आणि जिन्यातल्या सहा जणांना शाळेकडे पिटाळलं.

"अगं, चल ना," शेजारीण म्हणाली. "आजपासूनचा खाडा बिनपगारी. थोरलीला ठेव हिच्यापाशी. एक दिवस शाळा बुडाली तर काय होतंय?"

"नको. मीच थांबते."

"तू? तापाने फणफणलीस तरी कधी खाडा केला नाहीस तू!" शेजारणीने डोळे मोठे केले. "बरं बाई. सुपरवायझरला काय सांगू? किती दिवस?"

आईने मधलीला उचलून घेतलं. नऊ वर्षांची पोर ती, तिचे पाय पार आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते.

"आजचाच दिवस," आई म्हणाली. "उद्या सकाळी हिला अंघोळ घातली, की जातील."