सोललेलं अंडं

वर्षभर खपून प्रज्ञानं अंड्यांवर तारीख छापणाऱ्या इंकजेट मशीनसाठी शाई बनवली होती. आज पेठच्या पोल्ट्रीत तिची चाचणी होती. जुनी शाई टरफलावर पसरायची. ही ठसठशीत उमटली, ओल्या बोटानंही पुसली गेली नाही. मालक खूश झाले. पण अंडी वेचणाऱ्या झुंबरबाईंनी त्यातलंच एक उकडून सोललं, तर आतल्या पांढऱ्यावर पुसटशी निळी तारीख दिसली. “खाण्याचाच रंग आहे, मावशी. बाधत नाही,” प्रज्ञा घाईघाईनं म्हणाली. “ही अंडी सोमवारी शाळेतल्या पोरांना जायाचीत,” म्हणत झुंबरबाईंनी अंड्यावर मीठ भुरभुरलं आणि बशी पुढं केली. “शाई तुमीच केली ना, मॅडम? मग पयला घास तुमी घ्या.” प्रज्ञाचा हात बशीकडे निघाला, पण पाचव्या महिन्यातल्या पोटावर जाऊन थांबला. शेवटी मशीन तिनंच बंद केलं.